तट आधीचा की देऊळ?

सोलापूरचा भुईकोट किल्ला तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. सिद्धेश्वर तलावाच्या काठचा हा दुहेरी तटाचा किल्ला बहामनी काळातला मानतात. आत एका जुन्या देवळाचे उकरून काढलेले अवशेष आहेत. १२ व्या शतकातील सिद्धरामेश्वरांशी ज्याचे नाव जोडले जाते, त्या मल्लिकार्जुनाचे हे देऊळ असे समजतात. तटाच्या बांधकामातही कोरीव दगड आढळतात.

मग तट आधीचा की देऊळ? दगडाचे वय काढून उपयोग नाही. इकडचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा; तटातला काय आणि देवळातला काय, सारख्याच वयाचा!

नक्षी मात्र बोलकी असते. नक्षीचा पट्टा भिंतीत मध्येच तुटलेला किंवा मूर्ती आडवी बसवलेली दिसली, की समजावे, हा दगड दुसऱ्या इमारतीतून आला, तट तिच्यानंतरचा. पण किती वर्षांनंतरचा? त्यासाठी पायाशीच जावे लागते.

पायासाठी गवंडी चर खणतो, तेव्हा मातीचे जुने थर कापले जातात. भिंत वर आली की बाजूची फट मातीने बुजवतात. त्या भरावात खापऱ्या, कोळसा, क्वचित एखादे नाणे अडकते. भराव मागाहून कोणी उकरला नसेल, तर भिंत त्या नाण्याहून जुनी असू शकत नाही. १९४४ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झालेले मॉर्टिमर व्हीलर म्हणूनच बजावत, की भिंतीच्या कडेकडेने खणू नका, काटकोनात खणा. कडेने खणले तर भिंत छान उघडी पडते, पण थर आणि भिंत यांचा सांधा कायमचा जातो. डागडुजीच्या घाईत असे सांधे किती गेले असतील!

इंग्लंडातील यॉर्क येथे तर वेशीवरच वेस आहे. रोमन सैन्याने इ.स. ७१ च्या सुमारास तेथे ठाणे वसवले. त्याच्या एका दरवाजाच्या जागी मध्ययुगात ‘बूथम बार’ ही वेस उभी राहिली. रस्ता जुनाच राहिला. आता वरची वेस पाडून खाली कोण पाहणार?

जुन्या चुन्याचा मात्र अशा वेळी उपयोग होतो. घट्ट होताना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो. त्यातील कार्बन-१४ वरून बांधकामाच्या काळाचा अंदाज येतो. न भाजलेल्या चुनखडीचा कण नमुन्यात राहिला, तर मात्र भिंत आहे त्याहून कितीतरी जुनी ठरते!