स्मरणाची साखळी व उत्पत्तीची कालगणना

विद्यार्थिमित्रहो, पवित्र शास्त्रांतील ‘उत्पत्ती’चा पांचवा अध्याय आपण बहुधा न वाचतांच पुढें जातों, कारण त्यांत नुसतीं नांवें व वयें आहेत. परंतु जुने अभ्यासक त्याच वयांची बेरीज करून एका प्रश्नाचें उत्तर शोधीत असत: लेखन प्रचारांत येण्यापूर्वीं पूर्वजांचा वृत्तांत पुढील पिढ्यांस कसा पोंचला?

त्यांची रीत अशी. आदामाच्या निर्मितीपासून वर्षें मोजावीं. इब्री पाठाप्रमाणें आदाम ९३० वर्षें जगला. मथुशलह ६८७ व्या वर्षीं जन्मला. म्हणजे दोघांचें आयुष्य २४३ वर्षें समकालीन होतें. जलप्रलय १६५६ व्या वर्षीं झाला व त्याच वर्षीं मथुशलह वारला. त्या वेळीं नोहाचा पुत्र शेम ९८ वर्षांचा होता. आणि ६०० वर्षें जगलेला शेम अब्राहामाच्या जन्मानंतरही हयात होता. तेव्हां आदामाची गोष्ट अब्राहामापर्यंत येण्यास मधलीं दोनच मुखें पुरतात! याच वंशावळींच्या आधारें आयर्लंडांतील आर्चबिशप अशर यांनीं १६५० सालीं सृष्टीचा आरंभ इसवी सनापूर्वीं ४००४ मध्यें ठरविला.

तथापि येथें अडचण आहे. शोमरोनी पाठाप्रमाणें जलप्रलय १३०७ व्या वर्षीं येतो, तर प्राचीन ग्रीक भाषांतराच्या एका पाठाप्रमाणें २२४२ व्या वर्षीं. नांवें तींच, क्रमही तोच. आंकडे मात्र निराळे. शिवाय पृथ्वीचें वय सुमारें ४५४ कोटि वर्षें आहे असें भूगर्भशास्त्र सांगतें. म्हणून या वंशावळींचा हेतु वर्षें मोजून देणें हा नसून लोकांस आपल्या मूळाची ओळख करून देणें हा होता, असें आज पुष्कळ अभ्यासक मानतात.

स्मरणाचा हा स्वभाव पाहण्यास दूर जावयास नको. आपल्या अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपूर हें महानुभावांचें क्षेत्र आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत, चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर, म्हाइंभटांनीं त्यांच्या अनुयायांस भेटून आठवणी गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून त्या तपासून घेतल्या आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलें. पुढें मूळ प्रत धाडींत नाहींशी झाली. तेव्हां अनुयायांनीं स्मरणावरून ग्रंथ पुन्हां उभा केला. सर्वांचें स्मरण एकसारखें नव्हतें. परंतु त्यांनीं भिन्न आठवणी दडविल्या नाहींत. ‘वासना’ या नांवानें त्या ग्रंथांतच टिपून ठेविल्या.

रिद्धपुरास प्रत्यक्ष पाहणारे साक्षी जिवंत होते. उत्पत्तीच्या कथांमागें मात्र अनेक शतकें आहेत. तरी दोहोंपासून बोध एकच मिळतो: मुखपरंपरा गोष्टीचा गाभा पुष्कळ काळ जपते, आंकडे मात्र तिच्या हातून लौकर निसटतात.

म्हणून बालमित्रांनो, या सुटींत आजोबा-आजींजवळ बसून आपल्या कुळाची हकीकत विचारा. पालकांनींही त्यास वेळ द्यावा. दोघां वडिलांच्या सांगण्यांत फरक पडला, तर एकास खोटें न ठरवितां दोन्ही आठवणी सांगणाऱ्याच्या नांवासह वहींत उतरून घ्या. सांगणारें मुख एकदां मिटलें, म्हणजे ती साखळी पुन्हां जुळत नाहीं.