हौद्याखालचे पाटे

टाटा एसला, म्हणजे आपल्या छोट्या हत्तीला, २०२५ मध्ये २० वर्षं झाली. त्याच सुमारास कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्या गल्लीतली शेवटची टाटा २०७ पिकअप भंगारात गेली. ते जिव्हारी लागलं.

मॅटाडोरच्या जमान्यावर मी फार बोलणार नाही. १९८८ ची टाटामोबाइलही सोडून देतो. पिकअपची खरी चुरस लागली ती २००५ ते २०१५ या दहा वर्षांत. एकीकडं तीन लिटर इंजिनाची २०७ डीआय, दुसरीकडं अडीच लिटरची बोलेरो पिकअप. त्यात एस उतरली ती दोन सिलिंडर, ७०२ सीसी आणि १६ अश्वशक्ती घेऊन. गिरीश वाघ यांच्या चमूनं तीनचाकीवाल्यांना भेटून, त्यांची नड ऐकून ती पुण्यात घडवली. पुढं तिचा कारखाना पंतनगरला गेला, ही सल वेगळीच. २०११ ला अशोक लेलँडची दोस्त आली, सव्वा टनाची. मिरजकर तिकटीला तेव्हा कुस्तीइतकाच वाद या गाड्यांवर रंगायचा.

घाटात २०७ ला तोड नव्हती. कमी फेऱ्यांवरही तिचं इंजिन ओढायचं, करूळ घाट चढताना उगाच गिअर पाडावा लागत नसे. खराब रस्त्याला, उसाच्या फडात बोलेरोची चासी भरवशाची. एस चढाला रेंगाळायची, पण पेठेच्या बोळात जिथं २०७ ला मागं-पुढं करावं लागे तिथं ती एका दमात वळायची.

तरी ‘एसमध्ये दम नाही’ हे मी किती वेळा ऐकलं! ३० किलोचे २५ गूळरवे भरले की तिचं पाऊण टन पुरं. मार्केट यार्डात लोक पन्नास-साठ रवे चढवायचे. मागचे स्प्रिंगचे पाटे आधी सपाट व्हायचे, मग उलटे वाकायचे, पुढची चाकं हलकी पडून स्टिअरिंग हाताला लागायचं नाही. दुप्पट माल भरायचा आणि पाटा तुटला की गाडीला नावं ठेवायची, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मग दुरुस्तीला उद्यमनगर गाठायचं. मिस्त्री यू-बोल्ट सोडवून एक पाटा जादा घालायचा, सेंटर बोल्ट बदलायचा. गाडी लोडला ताठ उभी राहायची, पण रिकामी येताना प्रत्येक खड्ड्याला हौदा आपटायचा, ड्रायव्हरची कंबर धरायची. पाटे जितके कडक तितका माल पेलतो, आणि तितकीच रिकामी गाडी उडते. कोणत्याही कंपनीला हे चुकलेलं नाही. निदान त्या वेळी काय मिळवलं, काय गमावलं हे हौद्याखाली वाकून दिसायचं तरी.

आताच्या पिकअप बसायला नक्कीच बऱ्या, केबिनही शांत. पण १ एप्रिल २०२० ला प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले तसे सेन्सर वाढले. धूर कमी झाला, ते चांगलंच झालं. पण डॅशबोर्डवर दिवा लागला की इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दुखणं सांगणारा मिस्त्री हात टेकतो, कारण कंपनीचा स्कॅनर त्याच्याकडं नसतो. गाडी वर्कशॉपच्या रांगेत लागते, भाडं बुडतं, हप्ता मात्र थांबत नाही. गाडीचे पैसे मोजलेत मालकानं, तर ती कुठं दुरुस्त करायची हेही त्यालाच ठरवू द्या. स्कॅनर आणि दुरुस्तीची माहिती उद्यमनगरच्या मिस्त्रींना परवडेल अशा दरात मिळालीच पाहिजे.