माईकची घुं-घुं आणि तोडलेली पिन

संक्रांतीला होम मैदानावर गड्ड्याची यात्रा भरते. आपल्यापैकी कित्येक व्यापारी व कारागीर तेथे चादर-टॉवेलचे स्टॉल लावतात, आणि स्टॉल म्हटला की ॲम्प्लीफायर, माईक व भोंगा आलाच. ईदच्या आधीच्या खरेदीत दुकानासमोरही हेच सामान असते. ते भाड्याने येते, घाईघाईने जोडले जाते आणि कुणी बोलण्याआधीच भोंगा घुं-घुं करू लागतो. त्यावर बाजारात एक सोपा इलाज सर्रास सांगतात: प्लगची वरची जाड पिन काढून टाका. हा इलाज जिवावर बेतणारा आहे, म्हणून हा लेख.

काही वर्षांपूर्वी आमच्याच स्टॉलवर माईकवाल्याने ही पिन काढली. आवाज थांबला, आम्हीही खूष झालो. संध्याकाळी आमच्याकडचा पोरगा एका हातात माईक धरून भाव पुकारत होता. त्याचा दुसरा हात सहज मांडवाच्या लोखंडी खांबाला लागला आणि तो जागच्या जागी कोसळला. शेजारच्या स्टॉलवाल्याने धावत जाऊन मेन स्विच पाडला. अल्लाहचे शुक्र, मुलगा वाचला, पण त्याची बोटे आठवडाभर बधिर होती.

घडले ते असे. जुन्या ॲम्प्लीफायरमधली वीज पेटीच्या पत्र्यात झिरपत होती. माईकच्या वायरवरील तांब्याची जाळी त्याच पत्र्याला जोडलेली असते आणि माईकचे धातूचे अंग त्या जाळीला. जाड पिन म्हणजे अर्थ. ती शाबूत असती तर ही वीज जमिनीत उतरली असती. ती नसल्याने मुलाच्या अंगातून खांबाकडे वाट मिळाली. वजू करून ओल्या हाताने माईक धरणाऱ्याला तर धोका आणखी मोठा.

मग घुं-घुं जावी कशी? आधी ती येते कोठून ते पाहू. आपल्या घरची वीज २३० व्होल्टची, सेकंदाला ५० हेलकावे घेणारी. माईकमधून निघणारा संदेश मात्र व्होल्टच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास. दोन्ही वायरी एकत्र बांधून नेल्या की बड्याचा आवाज धाकट्यात शिरणारच, आणि ॲम्प्लीफायर तो कित्येक पटींनी वाढवून ऐकवणार. अशोक चौक, साखर पेठ भागात तर लूमच्या मोटरी व स्टार्टरच्या ठिणग्यांची कट-कटही त्यात मिसळते. म्हणून माईकची वायर विजेच्या वायरीपासून निदान फूटभर लांब ठेवावी. ओलांडावीच लागली तर आडवी, काटकोनात ओलांडावी. उरलेल्या वायरीचे वेटोळे ॲम्प्लीफायरवर ठेवू नये. मोबाईलही तेथे ठेवू नये.

वायर घेताना आपली कापडाची नजर कामी येते. स्वस्त वायरीची जाळी विरळ विणीची असते, तिच्यातून बाहेरचा आवाज आत झिरपतो. दाट विणीची, आत दोन तारा असलेली वायर मागावी. दोन्ही तारांतून एकच संदेश उलट-सुलट जातो. बाहेरची घुं-घुं मात्र दोन्हींवर सारखीच पडते. ॲम्प्लीफायर दोहोंतला फरक तेवढा घेतो, त्यामुळे सारखे असलेले वजा होते. पण त्यासाठी माईक व ॲम्प्लीफायर दोन्हीकडे तीन पिनांची जोडणी हवी.

दुसरे कारण फसवे आहे. मिक्सर एका बोर्डावर आणि ॲम्प्लीफायर पन्नास फुटांवरच्या दुसऱ्या बोर्डावर लावला, तर दोन ठिकाणच्या अर्थमध्ये थोडी तफावत असते. ती जाळीतून वाहते व भोंग्यात ऐकू येते. पिन तोडली की हा फेरा तुटतो, म्हणून लोकांना तो इलाज वाटतो. खरा इलाज म्हणजे सर्व यंत्रे एकाच बोर्डावर घेणे. ते जमत नसेल तर आवाजाच्या वायरीत छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवावा.

अर्थ आहे म्हणजे चांगलाच आहे, असेही नाही. आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात जमीन भेगाळते, अर्थचा खड्डा कोरडा पडतो व निकामी होतो. त्यात अधूनमधून पाणी ओतावे आणि वर्षातून एकदा वायरमनकडून तपासून घ्यावा. बोर्डावर ३० मिलिॲम्पियरचा आर.सी.सी.बी. बसवावा, वीज कोठे झिरपली की तो लगेच पुरवठा तोडतो. चार-सहा भोंग्यांच्या लांब लाईनवर १०० व्होल्टपर्यंत दाब असू शकतो, तेव्हा यंत्र चालू असताना तिचे सांधे हाताळू नयेत.

शिट्टी वाजते तिचा विजेशी संबंध नाही. माईक भोंग्याच्या मागे ठेवला आणि आवाज थोडा उतरवला की ती थांबते. तसाही आवाज फार चढवून चालत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार बाजारपेठेत दिवसा ६५ व रात्री ५५ डेसिबल ही मर्यादा आहे. भोंग्याला लेखी परवानगी लागते आणि सरकारने खास सूट दिलेले दिवस सोडून रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत तो उघड्यावर वाजविता येत नाही.