बापाच्या खात्यातले तास

फौजेतून परतलेल्याला पेन्शन मिळू शकते. पण पोराच्या कॉलेजचं काय? अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात यासाठी हेझलवूड कायदा आहे. त्या राज्यातून भरती होऊन, प्रशिक्षण सोडून किमान 181 दिवस सेवा करून सन्मानानं परतलेला सैनिक तिथल्या सरकारी कॉलेजात 150 क्रेडिट-तास बिनफीचा शिकू शकतो. आठवड्याला एक तास याप्रमाणे सत्रभर चाललेला वर्ग, म्हणजे एक क्रेडिट-तास. पदवीला असे साधारण 120 लागतात.

2009 पासून उरलेले तास मुलाला देता येतात, मात्र एका वेळी एकालाच. आता हिशेब पाहा. बापानं स्वतः 60 वापरले, तर उरले 90. पोराची पदवी 30 तासांनी अडली! त्यांची फी घरातून भरायची. पुस्तकं, राहणं-जेवण तर पहिल्यापासून पदरचंच. म्हणून, मला विचाराल तर, सैनिकानं पहिल्या सत्राआधीच घरच्यांबरोबर बसावं. लढाईत पडलेल्या जवानाच्या पत्नीला आणि मुलांना मात्र प्रत्येकी वेगळे 150 मिळतात.

आणि माफ झालेली फी भरतो कोण? मास्तरांचा पगार काही माफ होत नाही. मुलांना तास मिळू लागल्यावर हा भार पुष्कळ वाढला, आणि त्यातला बराचसा कॉलेजांनीच सोसला.