खिशातलं चलन – लेखांक 9 : एडिनबराची नोट, लंडनचा गल्ला

नोटेवर गव्हर्नरच्या सहीनं छापलेल्या वचनाबद्दल मागच्या आठवड्यात वाचलंत. तेव्हा आपण एक गोष्ट गृहीत धरली होती : देश एक, तर नोटा काढणारी बँकही एक. ब्रिटनमध्ये तसं नाही. पौंड एकच, पण त्याच्या नोटा काढणाऱ्या बँका सात. एक बँक ऑफ इंग्लंड. स्कॉटलंडच्या तीन : बँक ऑफ स्कॉटलंड, रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड आणि क्लाइड्सडेल. उत्तर आयर्लंडच्याही तीन : बँक ऑफ आयर्लंड, डान्स्के आणि अल्स्टर. प्रत्येकीचं चित्र वेगळं, चेहरा वेगळा. किंमत मात्र पैशालाही कमी-जास्त नाही.

एडिनबरात एटीएममधून वीसची नोट काढलेला माणूस रेल्वेनं साडेचार-पाच तासांत लंडनला पोचतो. तिथे सँडविचचे पैसे देताना गल्ल्यावरचा पोरगा नोट उलटीपालटी करतो, दिव्यासमोर धरतो आणि मॅनेजरला हाक मारतो. त्याच्या ओळखीच्या नोटेवर राणी असते, 2024 पासून राजा चार्ल्सही असतो. या नोटेवर सर वॉल्टर स्कॉट आहेत किंवा ग्लासगोत चहागृहं चालवणाऱ्या कॅथरिन क्रॅन्स्टन. नोट खोटी आहे अशी काही त्या पोराची खात्री नसते. ती त्याच्या ओळखीची नसते, इतकंच.

हा घोळ आजचा नाही. बँक ऑफ इंग्लंड 1694 ची, बँक ऑफ स्कॉटलंड 1695 ची. दोन्ही राज्यं एक झाली ती 1707 मध्ये. म्हणजे स्कॉटलंडच्या नोटा त्या एकीकरणाहून जुन्या. पुढे 1826 मध्ये लंडनच्या सरकारनं पाच पौंडांखालच्या नोटा बंद करायचं ठरवलं. स्कॉटलंडचा रोजचा बाजार एक पौंडाच्या नोटेवरच चालत होता. कादंबरीकार वॉल्टर स्कॉटनं टोपणनावानं वर्तमानपत्रात अशी काही पत्रं लिहिली की सरकारला स्कॉटलंडपुरती माघार घ्यावी लागली. बँक ऑफ स्कॉटलंडच्या नोटांवर आज त्याचा चेहरा आहे, त्यामागे ही लढाईही आहे. साहित्यिकानं चलन वाचवलं अशी उदाहरणं फार नसावीत! इंग्लंडात मात्र 1844 च्या कायद्यानंतर खाजगी बँकांच्या नोटा हळूहळू संपल्या; सॉमरसेटमधली फॉक्स, फाउलर ही शेवटची बँक 1921 मध्ये लॉइड्समध्ये विलीन झाली. इंग्रज दुकानदाराच्या तीन-चार पिढ्यांना दुसरी नोट बघायची सवयच उरली नाही.

गल्ल्यावर वाद झाला की दोन्हीकडून कायद्याचं नाव निघतं. गिऱ्हाईक म्हणतं, ‘हे लीगल टेंडर आहे, घ्यावंच लागेल.’ दुकानदार म्हणतो, ‘हे लीगल टेंडर नाही, म्हणून घेणार नाही.’ गिऱ्हाइकाचं विधानच चूक. दुकानदाराचं विधान बरोबर, पण त्यातला ‘म्हणून’ चूक. स्कॉटलंडच्या नोटा लीगल टेंडर नाहीत, अगदी स्कॉटलंडातही नाहीत. गंमत अशी, की बँक ऑफ इंग्लंडच्या नोटाही फक्त इंग्लंड आणि वेल्समध्येच लीगल टेंडर आहेत. स्कॉटलंडात हा दर्जा कोणत्याच नोटेला नाही, तो फक्त नाण्यांना आहे. आणि मुळात या दर्जाचा सँडविचशी संबंध नाही. झालेलं कर्ज फेडताना तुम्ही लीगल टेंडर पुढे केलंत, तर पैसे दिले नाहीत म्हणून धनको तुमच्यावर दावा लावू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. दुकानातला सौदा व्हायचा असतो, तोवर कर्ज कुठलं? दुकानदार पन्नासची नोट नाकारू शकतो, रोख रक्कमच नको म्हणू शकतो. स्कॉटिश नोटा दुकानांनी घ्याव्यात यासाठी खासदार डेव्हिड मंडेल यांनी 2009 च्या सुमारास खाजगी विधेयक आणलं होतं. त्याचा कायदा झाला नाही.

मग या नोटांना आधार काय? भक्कम आहे. 2009 च्या बँकिंग कायद्यानं स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडच्या मिळून सहा बँकांना नोटा काढायची परवानगी आहे, पण बाहेर असलेल्या नोटांइतकी मालमत्ता बाजूला ठेवण्याच्या अटीवर. त्यासाठी बँक ऑफ इंग्लंड खास नोटा ठेवते. दहा लाख पौंडांची ‘जायंट’ आणि दहा कोटी पौंडांची ‘टायटन’. या बाजारात कधीच येत नाहीत. बँक बुडाली तरी नोटधारकाचे पैसे बुडू नयेत, अशी ही तरतूद.

नोट ओळखीची नाही म्हणून संशय, हे माणसाच्या स्वभावाला धरून आहे. पण नकली नोटांपासून बचाव म्हणून हा उपाय कामाचा नाही, असं माझं मत. खोटी नोट छापणारा गर्दीत मिसळणारी नोट निवडतो. बँक ऑफ इंग्लंडच्या बाबतीत वर्षानुवर्षं सर्वाधिक नक्कल झाली ती वीसच्या नोटेची, म्हणजे जी कुणी नीट बघतच नाही तिची. स्कॉट साहेबांची नोट दहा जण निरखतात. राणीची नोट न बघता गल्ल्यात जाते.

बघायचं काय, हेही फार अवघड राहिलेलं नाही. ग्रेट ब्रिटनमध्ये पहिली प्लास्टिकची, म्हणजे पॉलिमरची नोट 2015 मध्ये क्लाइड्सडेलनं काढली. बँक ऑफ इंग्लंडची पाचची त्यानंतर दीड वर्षानं आली. या बाबतीत परकी नोटच पुढे होती. आता सातही बँकांच्या नव्या नोटा पॉलिमरच्या आहेत, त्यामुळे एकीवर बसलेला हात दुसरीवरही चालतो. नोटेतली आरपार खिडकी पाहावी. नोट तिरकी करून चमकत्या भागातलं चित्र किंवा अक्षर बदलतं का ते पाहावं. छपाईचा उंचवटा बोटाला लागतो का बघावं. अतिनील दिव्याखाली बँक ऑफ इंग्लंडच्या नोटेवर किंमतीचा आकडा लाल-हिरवा उजळतो आणि बाकीची नोट मंद राहते. साधा कागद त्या दिव्यात सगळाच निळसर पांढरा चमकतो. आणि गल्ल्याशेजारी दोरीला बांधलेलं ते पेन आता टाकून द्यावं. त्यातलं आयोडीन साध्या कागदातल्या स्टार्चला लागलं की काळपट रेघ उठते. प्लास्टिकमध्ये स्टार्चच नाही, तेव्हा ते पेन खऱ्या-खोट्या दोन्ही नोटांना पास करतं.

तरी दुकानदाराची बाजू समजून घ्यायला हवी. नोट खोटी निघाली तर भरपाई नाही. बँक ती ठेवून घेते, बदल्यात काही देत नाही, आणि कळल्यावर पुढच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणं हा 1981 च्या कायद्यानं गुन्हा. नुकसान ज्याच्या हातात ती सापडली त्याचं. शिवाय खरी स्कॉटिश नोट घेतली तरी ती सुट्ट्यात परत देता येत नाही, कारण पुढचं गिऱ्हाईकही नाक मुरडतं. मग ती वेगळी काढून बँकेत भरायची. गर्दीच्या वेळी ‘नको’ म्हणणं सोपं पडतं.

नोट खरी असूनही नकोशी होण्याचं टोकाचं उदाहरण बेलफास्टचं. डिसेंबर 2004 मध्ये तिथल्या नॉर्दर्न बँकेतून (हीच आताची डान्स्के) 2.65 कोटी पौंड लुटले गेले. त्यातल्या बऱ्याच नोटा त्याच बँकेच्या होत्या. बँकेनं काय करावं? दहा पौंडांच्या आणि त्याहून मोठ्या आपल्या सगळ्या नोटा परत बोलावल्या आणि 2005 मध्ये वेगळ्या रंगात छापून पुन्हा बाजारात आणल्या. चोरांच्या हातातला जुन्या रंगाचा गठ्ठा खपवणं त्यानंतर जिकिरीचं झालं.

आपल्याकडच्या जुन्या माणसांना यातलं काही नवं वाटणार नाही. मराठवाड्यात निजामाचा हाली शिक्का चालायचा आणि सरहद्दीपलीकडे इंग्रजांचा कलदार. शंभर कलदार म्हणजे 116 रुपये 10 आणे 8 पै हाली. निजामाच्या नोटांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू, कन्नडमध्येही किंमत असे. तिथे व्यापाऱ्याला दोन्ही चलनं पारखावीच लागत, कारण धंदाच दोन्हीकडे होता. ब्रिटनमध्येही सरहद्दीलगतच्या कार्लाइल किंवा बेरिकच्या दुकानात स्कॉटिश नोटेचं कुणाला काही वाटत नाही. आणि कायदा पूर्ण बाजूनं असूनही नाणं अडू शकतं, हे आपण दहा रुपयांच्या नाण्याबाबत पाहिलंच. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी 2018 मध्ये चौदाही नमुने वैध असल्याचं जाहीर केलं, तरी कित्येक गावांत ‘हे चालत नाही’ हेच उत्तर मिळत राहिलं.

मुलं-नातवंडं ग्लासगो-एडिनबराला शिकायला असलेल्या वाचकांना एक विनंती. परत येताना स्कॉटिश नोटा तशाच आणू नका. ब्रिटनबाहेर त्या बदलून घेणारा भेटणं कठीण. तिथल्याच बँकेत बदलून घ्या किंवा स्कॉटलंडातच खर्च करा. ड्रॉवरमध्ये बँक ऑफ इंग्लंडची कागदी वीस किंवा पन्नासची नोट पडली असेल, तर 30 सप्टेंबर 2022 नंतर ती दुकानात चालत नाही. बँक ऑफ इंग्लंड मात्र आजही बदलून देते.

पुढच्या लेखांकात : फाटलेली, जळालेली, वाळवीनं खाल्लेली नोट, आणि तिचे किती पैसे मिळतात.