आळस नव्हे, खुब्याचे दुखणे

हडपसर परिसरात, विशेषतः मगरपट्टा-अमनोराच्या सदनिकांतून, लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड अशी मोठ्या चणीची कुत्री आता सहज दिसतात. लेकरासारखे वाढवलेले पिल्लू सहा-आठ महिन्यांचे होते आणि जिना चढण्यास कुरकुरू लागते. ‘लाडावले आहे’ असे म्हणून आपण हसतो. पण तो आळस नसून ‘हिप डिसप्लेसिया’, म्हणजे खुब्याच्या सांध्याची सदोष वाढ असू शकते.

मांडीच्या हाडाचा गोल माथा खोबणीत घट्ट बसावा लागतो. तो सैल राहिला की कूर्चा झिजते व पुढे संधिवात जडतो. दोषाचे मूळ आनुवंशिक असते. अतिपोषणाने व वाढत्या वजनाने तो बळावतो.

उठताना होणारा त्रास, सशाप्रमाणे मागचे दोन्ही पाय एकत्र टाकीत धावणे, डोलणारी कंबर आणि बारीक होत गेलेल्या मांड्या ही त्याची लक्षणे. मात्र गोचीडताप, गुडघ्याच्या अस्थिबंधाची इजा किंवा मणक्याचा विकार यांतही कुत्रे लंगडते. म्हणून स्वतः अंदाज बांधू नये. माणसांची वेदनाशामक गोळी तर मुळीच देऊ नये. आयबुप्रोफेन कुत्र्यांना विषारी ठरते.

पशुवैद्यक प्रथम चाल पाहतात, मग सांध्याचा सैलपणा हाताने तपासतात. नवजात बालकांसाठी इटलीच्या डॉ. ऑर्टोलानी यांनी रूढ केलेली चाचणीच येथे उपयोगी पडते. खात्री होते ती क्ष-किरण चित्राने. त्यासाठी कुत्र्याला उताणे निजवून मागचे पाय सरळ व समांतर ताणावे लागतात. शरीर किंचित कलले तरी चित्र फसवे येते. म्हणून गुंगीचे औषध देतात. त्याला घाबरू नये. लहान वयातील निर्दोष चित्र अखेरचे मानू नये. अमेरिकेतील १९६६ साली स्थापन झालेली श्वान-अस्थिविकार संस्था अंतिम दाखला २४ महिन्यांनंतरच देते. सैलपणा मोजणारी ‘पेनहिप’ पद्धत मात्र १६ आठवड्यांपासून वापरता येते.

निदानानंतरचा पहिला उपचार आपल्याच हाती असतो, तो म्हणजे वजनावर ताबा. ४८ लॅब्रेडॉरांच्या दीर्घ अभ्यासात, जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी आहार मिळालेल्या कुत्र्यांत हा विकार कमी आढळला आणि त्यांचे आयुष्यही सुमारे पावणेदोन वर्षांनी वाढले. तेव्हा ताटातली तूप-पोळी व सल्ल्यावाचून दिलेली कॅल्शियमची पावडर ही माया नव्हे. गुळगुळीत फरशीवर जाजम अंथरावे. विकार बळावल्यास शस्त्रक्रियेचाही मार्ग आहे.

सोने घेताना हॉलमार्क पाहणाऱ्या आपण पिल्लू घेताना त्याच्या आईवडिलांच्या खुब्यांचा क्ष-किरण अहवाल अवश्य मागावा. ग्राहक मागू लागला, तरच विकणारा तपासणी करील, आणि पुढच्या पिढीतील मुक्या जीवांच्या वाट्याला हे दुखणे कमी येईल.