दार उघडं दिसलं, पण कोणाचं?

होस्टेलमध्ये दर सेमिस्टरला एखादी तरी साथ येतेच. कधी डोळे येतात, कधी कांजिण्या. यंदा पोर्ट स्कॅनची साथ आहे. कोणीतरी मोबाईलवर आणि लॅपटॉपवर व्हीपीएन टाकतो, मग ‘आता आपण किती सेफ?’ हे बघायला एखाद्या साईटवर जाऊन स्कॅनचं बटण दाबतो, आणि लाल अक्षरांत ‘ओपन’ दिसलं की विंगभर बोंब मारत सुटतो. आमच्या मजल्यावरच्या एका सेकंड इयरच्या पोराने २२, ८०, ४४३ आणि ११९४ असे चार पोर्ट उघडे पाहिले आणि रातोरात लॅपटॉप फॉरमॅट मारला. सबमिशनला चार दिवस राहिलेले, जर्नलचे सगळे प्रोग्रॅम त्याच डिस्कवर. फॉरमॅट झाल्यावर त्याने पुन्हा व्हीपीएन टाकलं, पुन्हा स्कॅन केला. तेच चार पोर्ट, जसेच्या तसे उघडे!

ते उघडे असणारच होते, कारण ते त्याच्या लॅपटॉपचे नव्हतेच. हे कसं, ते नीट समजून घेऊ. कॉम्प्युटरवाल्यांना पहिला भाग माहीत असेल, पण सिव्हिल आणि मेकॅनिकलची मंडळीही व्हीपीएन वापरतात, म्हणून दोन मिनिटं धीर धरा.

पोर्ट म्हणजे भोक नव्हे, नंबर. आयपी अ‍ॅड्रेस हा होस्टेलचा पत्ता धरला तर पोर्ट हा खोली नंबर. हा नंबर १६ बिटांचा असल्यामुळे ० ते ६५५३५ एवढ्या खोल्या होतात. पैकी १०२३ पर्यंतचे नंबर ठरलेल्या कामांसाठी राखून ठेवलेले आहेत. वेबसाठी ८० आणि ४४३, दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या एसएसएचसाठी २२, विंडोजच्या फाईल शेअरिंगसाठी ४४५. स्कॅन म्हणजे प्रत्येक दारावर टकटक. टीसीपीमध्ये ही टकटक म्हणजे ‘सिन’ नावाचं एक छोटं पॅकेट. आतून तीनपैकी एक गोष्ट होते. आत कोणी प्रोग्रॅम ऐकत बसला असेल तर ‘सिन-अ‍ॅक’ येतं, म्हणजे ‘या, बसा’. हा झाला ओपन. मशीन जागं आहे पण त्या खोलीत कोणी नाही, तर ‘रिसेट’ येतं, म्हणजे ‘इथं कोणी राहत नाही’. हा क्लोज्ड. आणि काहीच उत्तर आलं नाही तर वॉचमनने चिठ्ठी गेटवरच फाडली असं समजायचं. हा फिल्टर्ड. क्लोज्डचं उत्तर चटकन येतं. फिल्टर्डमध्ये स्कॅनर वाट बघत बसतो, पुन्हा विचारतो, पुन्हा वाट बघतो. एखादा स्कॅन संपता संपत नसेल तर मध्ये गप्प बसणारा वॉचमन आहे हे तक्ता यायच्या आधीच कळतं.

‘स्टेल्थ’ हा शब्द बऱ्याच जणांनी विचारला. स्टीव्ह गिब्सन यांच्या शील्ड्सअप या जुन्या स्कॅन सेवेमुळे तो लोकप्रिय झाला. अर्थ तोच, फिल्टर्ड. आता माझं मत विचाराल तर स्टेल्थचं कौतुक जरा जास्तच होतं. ‘इथं कोणी नाही’ असं सांगणारं बंद दार आणि उत्तरच न देणारं दार, दोन्हींतून चोर आत येत नाही.

एनमॅप हा स्कॅनर सप्टेंबर १९९७ मध्ये ‘फ्रॅक’ या मासिकात सोर्स कोडसकट छापून आला. लिहिणारा गॉर्डन लायन, टोपणनाव फ्योदोर. २००३ च्या ‘मेट्रिक्स रीलोडेड’मध्ये ट्रिनिटी वीज केंद्र पाडायला निघते तेव्हा हाच एनमॅप चालवते आणि तिला २२ नंबर उघडा सापडतो. सिनेमात हॅकिंग म्हणून बहुतेक वेळा रंगीत दिवे दाखवतात. इथं खरं टूल दिसलं म्हणून लोक खूष झाले होते.

आता मूळ मुद्दा. तक्त्यात ‘ओपन’ हा शब्द वाचण्याआधी विचारायचं, टकटक कुठून झाली आणि दार कोणाचं होतं.

होस्टेलच्या वायफायवर तुमच्या लॅपटॉपला जो आयपी मिळतो तो बहुधा १० ने किंवा १९२.१६८ ने सुरू होतो. हे पत्ते १९९६ मध्ये खाजगी वापरासाठी ठरवून दिलेले आहेत. बाहेरच्या इंटरनेटवर ते चालतच नाहीत. कॉलेजचा फायरवॉल शेकडो लॅपटॉपची पॅकेट्स स्वतःच्या एका सार्वजनिक पत्त्याने बाहेर पाठवतो आणि उत्तरं आली की ज्याची त्याला वाटतो. मेसच्या एकाच फोन नंबरवरून सगळ्यांनी घरी फोन करावा तसं. घरच्यांनी उलट फोन केला तर तो मेसमध्ये वाजणार, तुमच्या खोलीत नाही.

व्हीपीएन लावलं की यात आणखी एक पायरी येते. लॅपटॉपपासून व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरपर्यंत एक बंद बोगदा तयार होतो आणि तुमची पॅकेट्स त्या सर्व्हरच्या पत्त्याने जगात बाहेर पडतात. स्कॅन करणारी साईट बिचारी काय करते? विनंती ज्या पत्त्यावरून आली त्याच पत्त्याची दारं वाजवते. तो पत्ता व्हीपीएन सर्व्हरचा, म्हणून उत्तर देणारा सर्व्हरच. त्या पोराचे चार पोर्ट पुन्हा वाचा: ११९४ हा ओपनव्हीपीएनचा ठरलेला पोर्ट, ४४३ वर पुष्कळ कंपन्या तेच व्हीपीएन वेबच्या वेषात चालवतात, ८० वर एखादं साधं पान असतं, आणि २२ वरून कंपनीचा माणूस सर्व्हरची देखभाल करतो. व्हीपीएन विकणाऱ्या दुकानाचं शटर उघडं आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्याच सर्व्हरवर त्याच क्षणी जोडलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांना हाच तक्ता दिसेल. खात्री करायची तर मित्राच्या मोबाईलवर तोच सर्व्हर निवडून तोच स्कॅन करा.

सर्व्हर ‘इंडिया’ नावाचा असला तरी तो भारतात असेलच असं नाही. सर्ट-इनने एप्रिल २०२२ मध्ये व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षं ठेवायला सांगितलं, तेव्हा काही मोठ्या कंपन्यांनी इथली मशीन काढून नेली आणि भारतीय पत्ते परदेशातल्या मशीनवरून द्यायला सुरुवात केली.

बरं, मग व्हीपीएन बंद करून स्कॅन केला तर आपला लॅपटॉप दिसेल? नाही. तेव्हा कॉलेजच्या फायरवॉलचं दार वाजतं. सगळं फिल्टर्ड आलं तर शाबासकी कॉलेजच्या वॉचमनला द्यायची. तुमच्या लॅपटॉपबद्दल या तक्त्यात अवाक्षर नाही. दोन्ही तक्ते खरे, पण दोन्ही दुसऱ्याचे.

आता उलटी बाजू. अंतिम वर्षाचे बरेच जण प्रोजेक्टसाठी क्लाऊडवर छोटा सर्व्हर भाड्याने घेतात आणि होस्टेलमधून त्याच्यावर एनमॅप चालवतात. सर्व्हरवर २२ सोडून काही चालू नसतं, पण स्कॅनमध्ये ८०, ५०६० आणि २००० उघडे! मग रात्रभर ‘हॅक झाला’ म्हणून सर्व्हर खोदणं चालतं. हा पराक्रम मधल्या फायरवॉलचा असतो. काही फायरवॉल वेबची जोडणी स्वतःच स्वीकारतात, तपासतात आणि मग पुढे नेतात. ५०६० हा इंटरनेट फोनच्या सिप प्रोटोकॉलचा आणि २००० हा ऑफिसातल्या आयपी फोनच्या एका प्रोटोकॉलचा पोर्ट. फोनची बोलणी तपासायची सोय चालू असली की फायरवॉल त्या दोन दारांवर सर्व्हरच्या वतीने ‘या, बसा’ म्हणतो. सर्व्हरपर्यंत टकटक पोचलेलीच नसते.

हे पकडायची एक छान युक्ती आहे. १९२.०.२.१ हा पत्ता केवळ पुस्तकात उदाहरण देण्यासाठी राखून ठेवलेला आहे. त्या पत्त्यावर जगात कोणीही राहत नाही. त्याच्या याच तीन-चार पोर्टवर स्कॅन करा. एनमॅप आधी मशीन जागं आहे का ते बघतो, ती पायरी पीएन हा पर्याय देऊन वगळा. रिकाम्या घरातून ‘या, बसा’ आलं, तर मध्येच कोणीतरी आवाज देतोय हे सिद्ध झालं! दुसरा पुरावा टीटीएलचा. पॅकेट प्रत्येक राउटरमागे हा आकडा एकेक कमी करत येतं. एनमॅपला रीझन हा पर्याय दिला की तो आकडा छापून येतो. २२ नंबरचं उत्तर ५२ ने आलं आणि ८० चं ६३ ने, तर पहिलं १२ राउटर ओलांडून आलंय आणि दुसरं कॉरिडॉरच्या टोकावरून.

हाच स्कॅन व्हीपीएन लावून केला तर कॉलेजच्या फायरवॉलला फक्त बोगद्याची एकच गुंडाळलेली जोडणी दिसते, त्यामुळे ५०६० आणि २००० ही भुतं बहुधा नाहीशी होतात. पण आता व्हीपीएन कंपनीचे नियम लागतात. २५ नंबर, म्हणजे मेल पाठवण्याचा पोर्ट, पुष्कळ कंपन्या स्पॅमच्या भीतीने बंद ठेवतात, म्हणून तो फिल्टर्ड दिसतो. आणि काही मोबाईल अ‍ॅप बोगद्याच्या अलीकडच्या टोकालाच, म्हणजे तुमच्याच फोनमध्ये, प्रत्येक जोडणी आधी स्वीकारतात आणि मग पुढे प्रयत्न करतात. तिथे सगळेच पोर्ट उघडे दिसतात. हजारच्या हजार पोर्ट ओपन आले तर घाबरू नका, हसा.

यूडीपीची गोष्ट वेगळी, तिथे हात मिळवणी नाही. उत्तर आलं नाही तर दार उघडं की वॉचमनने अडवलं, हे एनमॅपलाही कळत नाही आणि तो ‘ओपन किंवा फिल्टर्ड’ असं लिहितो. वायरगार्ड हे व्हीपीएन यूडीपीवरच चालतं, आणि ओळखीची किल्ली नसलेल्या पॅकेटला ते मुद्दामच उत्तर देत नाही. तेव्हा त्याच्या ५१८२० नंबरपुढे हे मोघम उत्तर दिसलं तर ते ठाकठीक चालू असेल.

इतका वेळ भीती घालवली. आता जिथे खरंच भ्यायला हवं तिकडे वळू, कारण सगळ्यात कमी लक्ष तिकडेच असतं. बाहेरून सगळं ‘स्टेल्थ’ दाखवणारा लॅपटॉप शेजारच्या खोलीला सताड उघडा असू शकतो. बोगदा बाहेर जाणाऱ्या वाहतुकीसाठी आहे. होस्टेलच्या नेटवर्ककडचं दार व्हीपीएन आपोआप बंद करत नाही. विंडोजच्या वायफाय सेटिंगमध्ये नेटवर्क पब्लिक की प्रायव्हेट हे निवडता येतं. ‘प्रायव्हेट’ म्हणजे सुरक्षित असा समज करून घेतला की फाईल शेअरिंगला वाट मोकळी होते. मग शेअर केलेल्या फोल्डरमधला आधार कार्डाचा स्कॅन आणि बँकेची स्टेटमेंट्स ४४५ वरून सगळ्या मजल्याला वाचता येतील. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय जगभर पसरलं ते याच ४४५ वरून. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी अपडेट टाकलं नव्हतं त्यांची मशीन गेली. गेटवर कितीही चांगला वॉचमन असला तरी एकच बाधित लॅपटॉप बॅगेतून आत आला की तो वॉचमनला विचारत नाही. होस्टेलवर ‘पब्लिक’च निवडा.

दुसरं, बोगदा दोन्ही बाजूंनी चालतो. व्हीपीएनमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग चालू केलं, टोरेंटसाठी करतात तसं, तर बाहेरचा माणूस कॉलेजच्या फायरवॉलच्या नाकाखालून थेट लॅपटॉपवर येतो. गुंडाळलेलं पॅकेट फायरवॉलला उघडून बघता येत नाही. तिथे लॅपटॉपचा स्वतःचा फायरवॉल हाच काय तो आधार. व्हीपीएनचं कार्ड त्याच्या दृष्टीने वेगळं नेटवर्क असतं, तेही पब्लिकच ठेवा. आणि व्हीपीएन फक्त आयपीव्ही४ सांभाळत असेल तर आयपीव्ही६ ची वाहतूक बोगद्याबाहेरून जाते. स्कॅनच्या पानावर आपला पत्ता कोलनवाला लांबलचक दिसतोय का ते बघा. दिसला आणि तो व्हीपीएनचा नसेल, तर त्या वेळी आलेला तक्ता खरोखर तुमचा असू शकतो.

आपल्या लॅपटॉपची खरी हकीकत लॅपटॉपलाच विचारायची. विंडोजवर नेटस्टॅटला ए, एन, ओ ही अक्षरं लावा, लिनक्सवर एसएसला टी, यू, एल, एन, पी. ‘लिसनिंग’च्या ओळीत डावीकडे १२७.०.०.१ असेल तर तो प्रोग्रॅम फक्त मशीनच्या आत ऐकतो, सोडून द्या. ०.०.०.० असेल तर तो सगळ्या नेटवर्क कार्डांवर ऐकतोय, वायफाय आणि व्हीपीएन दोन्ही. विंडोजच्या यादीत शेवटी प्रोसेसचा नंबर येतो, तो टास्क मॅनेजरमध्ये शोधला की नाव सापडतं. मग रूममेटच्या लॅपटॉपवरून, दोघांच्या संमतीने, आपल्याच आयपीवर एक एनमॅप. या दोन याद्या शेजारी ठेवल्या की फायरवॉल काय अडवतो ते दिसतं.

संमती हा शब्द मुद्दाम लिहिला. मालकाच्या परवानगीशिवाय मशीनमध्ये किंवा नेटवर्कमध्ये शिरणं माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये येतं, आणि अप्रामाणिक हेतू असेल तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. टकटक म्हणजे शिरणं नव्हे हे खरं, पण लॅबच्या सर्व्हरवर रात्री दोन वाजता पडलेली हजार टकटक लॉगमध्ये दिसते तेव्हा हा फरक रेक्टर सरांना समजावत बसावं लागतं. लॅबच्या मशीनवर काही बघायचं असेल तर सिस्टिम अ‍ॅडमिनना आधी मेल टाका, वेळ कळवा.

नुसता सराव करायचा असेल तर एनमॅपवाल्यांनी स्कॅनमी डॉट एनमॅप डॉट ऑर्ग हे मशीन त्यासाठीच ठेवलंय. दिवसात एखाद-दोन स्कॅनला त्यांची हरकत नाही. तिथे वर्षानुवर्षं २२, ८०, ९९२९ आणि ३१३३७ हे पोर्ट उघडे दिसत आले आहेत. होस्टेलच्या वायफायवरून त्यात ५०६० ची भर पडली, तर ते उत्तर कुठून आलं हे आता वेगळं सांगायला नको.